औषधाचे पैसे

बा, आज पुन्हा एकाला डॉक्टरची चिठ्ठी वाचून दाखवली. रिसोडला मास्तर होऊन आलो तेव्हापासून हे एक काम माझ्या गळ्यात पडलं आहे. शाळा सुटायच्या सुमाराला पोरांचे बाप येतात, ओट्यावर टेकतात, टोपीच्या घडीतून चिठ्ठी काढतात आणि म्हणतात, "मास्तर, पाहा बरं, यानं एवढे पैसे कायचे घेतले?" मी चष्मा लावून ती कोंबडीच्या पायाची इंग्रजी अक्षरं लावतो आणि सांगतो, की हे तपासायचे, हे औषधाचे, हे बाटलीचे. बाटली घरची नेली असती तर एवढे वाचले असते. पातळ औषधाऐवजी पुड्या मागितल्या असत्या तर आणखी थोडे. नुसता हिवतापच असेल तर आधी पोस्टात कोयनेल विचारायचं. आता लढाईमुळे पोस्टातलं कोयनेलही मिळेनासं झालं आहे आणि दुकानदार मागेल तो भाव घेतो, तेव्हा माझ्या शहाणपणाला फारशी किंमत उरलेली नाही. तरी लोक येतात. मास्तर हुशार आहे म्हणतात. मी ही विद्या कुठं शिकलो ते त्यांना ठाऊक नाही, आणि ज्या घरात शिकलो त्या घराला तिचा काडीचा उपयोग झाला नाही, तेही ठाऊक नाही. आज तो माणूस गेल्यावर घरी जायचं मन होईना. पोरांच्या रिकाम्या पट्ट्यांवर बसून तुला हे लिहितो आहे.

तू गावाचा सुतार. जऊळक्याच्या ठेसनावर उतरलं की पहिली खटखट ऐकू यायची ती लाकूड तासणाऱ्या तुझ्या वाकसाची. कोणाचा वखर, कोणाची तिफण, कोणाच्या गाडीचं चाक, वर्षभर माणसं येत आणि काम करून नेत. पैसा कोणी द्यायचा नाही आणि तू मागायचा नाहीस. सुगीला खळ्याखळ्यावर फिरायचं आणि ज्याच्या त्याच्याकडून ज्वारीचा वाटा आणायचा, हाच आपला रोजगार. घरात ज्वारी असायची, तुरीची डाळ असायची, नाणं मात्र क्वचित दिसायचं. एखाद्या कामाची किंमत किती, हे तुला कोणी विचारलं तर तू खरोखर गोंधळून जायचास. एकदा रेल्वेच्या कोणा साहेबाने तुझ्याकडून स्टूल करून घेतलं आणि "किती झाले?" म्हणाला, तर तू म्हणालास, "आता सुगी आली म्हंजे पाहू."

आणि तुझं दुसरं काम म्हणजे काविळीचं औषध. आजोबांनी तुझ्या कानात एका झाडाचं नाव सांगितलं होतं. पहाटे उठून तू एकटा नाल्याकडे जायचास, मुठीत काहीतरी घेऊन यायचास, पाठ करून ते वाटायचास आणि पिवळ्या डोळ्यांच्या माणसाला बकरीच्या दुधातून द्यायचास. असं तीन सकाळी. तेल नाही, तिखट नाही, नुसती ताक-भाकर. आणि घराण्याचा एकच नेम, की या औषधाला पैसा घ्यायचा नाही. ज्या दिवशी पैसा घेशील त्या दिवशी हातचा गुण जाईल, असं आजोबांनी तुला बजावून ठेवलं होतं. लांबलांबून माणसं येत. कोणी खिशात हात घातला की तू दोन पावलं मागं सरायचास, इंगळी दिसल्यासारखा.

मायचा नेम याच्या बरोब्बर उलटा. फुकट घेतलेल्या औषधाला गुण येत नाही, असं ती मानायची, आणि तीच काय, सगळा गाव मानायचा. देणाऱ्याने घेऊ नये आणि घेणाऱ्याने दिल्याशिवाय जाऊ नये. या दोन गोष्टी एकाच वेळी कशा पाळायच्या, हा पेच मायने कधीच सोडवून टाकला होता. तू औषध देऊन आत वळलास की ती चुलीपासून उठायची आणि जाणाऱ्या बाईला दारात गाठायची. "तशीच नको जाऊ वं बाई, लेकराले लागनार नाई. काई तरी ठेवून जाय. त्यायच्या हातात नको देऊ. तिकडं लाकडापाशी ठेव." मग बाभळीच्या ओंडक्यांजवळ ओंजळभर ज्वारी, एखादं नारळ, गुळाचा खडा असं काही सापडायचं. तू ते पाहायचा नाहीस. माय ते उचलायची. तू न घेणारा आणि ती फुकट जाऊ न देणारी, असा तुमचा संसार सुरळीत चालला होता. मी लहानपणी समजायचो, सगळ्याच घरात अशी कामाची वाटणी असते.

मग ती आजारी पडली. पोळा झाला आणि तिला दुपारचा ताप येऊ लागला. आधी सगळ्यांनी हिवतापच म्हटलं. जऊळक्याच्या पोस्टातून कोयनेलच्या पुड्या आणल्या, त्याला फार पैसे पडले नाहीत. तिने त्या निमूट घेतल्या, कान गुणगुणतात म्हणून हसलीसुद्धा. ताप काही हटला नाही. खोकला लागला. दिवाळीपर्यंत तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. जात्यावर बसली की दोन ओव्या झाल्या न झाल्या तोच थांबायची आणि खुंट्याला डोकं टेकायची. मी तेव्हा गावच्या शाळेत चौथ्या पुस्तकात होतो. मला काय करावं ते समजत नव्हतं आणि तुलाही समजत नव्हतं, एवढं मला तुझ्या रंध्याच्या आवाजावरून कळायचं. तू एकच फळी घासत बसायचास.

कोणीतरी म्हणालं, वाशीमला सरकारी दवाखाना आहे, तिथं औषध फुकट मिळतं. तुझा चेहरा उजळला होता. फुकट म्हणजे तुझ्या हिशेबानं सगळ्यात खरं औषध! आपण तिघं गाडीनं गेलो. मायने घरातली एकुलती बाटली राखेनं घासघासून धुतली होती, तरी तिचा जवसाच्या तेलाचा वास गेला नव्हता. दवाखान्याच्या पडवीत खूप माणसं होती. तिची पाळी आली, तिला तपासलं, बाटली भरून दिली. तिने पदराची गाठ सोडली आणि आणा पुढे केला. औषध देणारा म्हणाला, "बाई, सरकारी हाये हे. इथं पैसे घेत नाईत."

"थोडे तरी घ्या."

"घेतले तं माही नोकरी जाईन. चाला, पुढचा या."

घरी येऊन तिने ती बाटली कोनाड्यात ठेवली, तिला हळदकुंकू लावलं आणि एक थेंब तोंडात घेतला नाही. तू समजावलंस, चिडलास. "अवं, सरकार देऊन राह्यलं, तं घे ना!" ती म्हणाली, "सरकारच्या हाताले मी काय देऊ? कुठं हाये त्याचा हात?" शेजारच्या पाटलिणीने अक्कल लढवली, की लोक सरकारला सारा भरतात, त्यातूनच ते औषध येतं, म्हणजे पैसे दिल्यासारखेच झाले. माय म्हणाली, "तुमी भरता सारा. आमाले कुठं शेत हाये?" तू म्हणालास, मी तुझा आणा वाशीमच्या देवळात टाकून येतो. ती म्हणाली, "औषद काय देवानं देल्लं?" मला त्या वेळी तिचा भयंकर राग आला होता. आज मी वर्गात पोरांना तर्कशास्त्राच्या गोष्टी सांगतो, पण तिचं म्हणणं खोडून काढायला जमेलच असं नाही.

मग पैसे घेणारा डॉक्टर गाठणं आलं. वाशीमच्या बाजारपेठेत एकाचा दवाखाना होता, माणूस बाहेरगावचा, बोलायला तुटक पण लबाड नव्हता. त्याने मायच्या छातीला नळी लावली, पाठीवर बोटं वाजवली आणि म्हणाला, बरेच दिवस औषध घ्यावं लागेल, दूध-तूप खाऊ घाला. बाहेर त्याचा कंपौंडर बसायचा, वाशीमचाच मुसलमान, पांढरी टोपी घालणारा, सारखा पान चघळणारा. त्याने पैसे सांगितले आणि तू विचारलंस, "कायचे?" तू भांडायला विचारलं नव्हतंस. तुला खरंच माहीत नव्हतं. तो माणूस मोठ्या मनाचा. त्याने तुला बाकावर बसवून समजावलं. "पाहा मिस्तरी, डॉक्टरसायबानं पाह्यलं, त्याची फी अलग. दवाई अलग. आन् शीशी अलग. पुढच्या टायमाले शीशी घरून आना, तेवढे कमी. पुड्या घेतल्या तं आनखी कमी, पानी तुमी घरी टाका. विहिरीचं पानी कायले इकत घेता?" तू मान हलवत ऐकत होतास. मग आत जाऊन तू डॉक्टरला जे म्हणालास ते मी दाराशी उभा राहून ऐकलं. "सायेब, मीबी औषद देतो. काविळीचं. पैसा घेत नाई."

डॉक्टर हसला, पण वाईट हसला नाही. "मग तुमचं पोट दुसऱ्या कशावर तरी चालत असेल, मिस्त्री. माझं यावरच चालतं." गाडीत बसल्यावर तू स्वतःशीच म्हणालास, "त्याचंबी खरं हाये."

त्या बाटलीतलं औषध माय घ्यायला लागली. पैसे मोजून आणलेलं, तेव्हा तिची काही तक्रारच नव्हती. आणि बा, तिला गुण येत होता. हे मी उगाच म्हणत नाही. ताप उतरायला लागला, ती अंगणात उन्हात बसू लागली, मला वेणीसाठी तेल मागायला लागली. एकदा तिने मला जवळ बोलावून माझ्या सदऱ्याची तुटलेली गुंडी लावून दिली, दात लावून दोरा तोडला, आणि म्हणाली, "आता काई मी मरत नाई." तो पौषाचा महिना मला अजून आठवतो. तू बाटली ठेवायला बाभळीची छोटी पेटी केली होतीस, आत कप्पा, वर सरकतं झाकण, म्हणजे गाडीत हिसका बसला तरी सांडायला नको. एवढं सुबक काम तू पाटलाच्या दिवाणखान्यातही केलं नव्हतंस.

पण औषध संपायचं. दर खेपेला संपायचं, आणि दर खेपेला रोकडा लागायचा. तू एकेक पैसा वाचवायला शिकलास. बाटली घरची. पातळाऐवजी पुड्या. गाडीऐवजी पायी. घरची ज्वारी विकलीस, नव्या गाडीसाठी दोन वर्षं वाळवत ठेवलेली लाकडं विकलीस. मग तुझ्या डोक्यात आलं, की माय दवाखान्यात आलीच नाही तर तपासायची फी पडणार नाही. तू एकटाच जाऊ लागलास आणि डॉक्टरपुढे बसून तिचा खोकला कसा आहे ते सांगू लागलास. दोनदा त्याने चालवून घेतलं. तिसऱ्यांदा मी सोबत होतो. तू मायसारखा खोकून दाखवत होतास, कोरडा किती आणि ओला किती. सगळा दवाखाना बघत होता. डॉक्टरने पेन खाली ठेवलं. "मिस्त्री, मी तुम्हाला तपासू की तिला? पैसे वाचवायला निघालात आणि बाई हातची घालवाल." तू मान खाली घातलीस. परत येताना रस्ताभर मी तुझ्या मागे मागे चालत होतो. मला त्या डॉक्टरचा राग यायला हवा होता, पण तो खरं बोलला होता. राग कोणाचा करावा हेच मला समजत नव्हतं.

अशातच तो अनसिंगचा माणूस आला. छकडा जोडून, सोबत माझ्याएवढा पोरगा. पोराचे डोळे हळदीत बुडवल्यासारखे, नखंसुद्धा पिवळी. बाप किराणा दुकानदार, सगळ्याला किंमत असते असं मानणारा. ते मारुतीच्या पारावर उतरले. पहिल्या सकाळी तू दूध आणलंस, पोराला पाजलंस. दुकानदाराने खिशातून रुपये काढले आणि तुझ्या ठोकळ्यावर ठेवले, पटाशीच्या शेजारी. "नाई म्हनू नका, मिस्तरी. फुकटाचं मी घेत नाई. माह्या एकुलत्या पोट्ट्याच्या जिवाचा सवाल हाये."

मी पाहत होतो. तू दोन पावलं मागं सरशील म्हणून पाहत होतो. तू सरला नाहीस. आत माय खोकत होती. तू रुपयांकडे पाहिलंस, आणि त्यांवर आपलं उपरणं टाकलंस. पुढच्या दोन्ही सकाळी तू औषध दिलंस, पण दोन्ही वेळा दूध कडेनं सांडलं. चौथ्या दिवशी ते निघून गेले. पोराचे डोळे होते तसेच पिवळे होते. पण ते तसेच असतात, पिवळेपणा उतरायला दिवस लागतात, हे तूच नेहमी सांगायचास.

मायने अंथरुणातून विचारलं, "काय ठेवून गेले?" तू म्हणालास, "जाऊ दे." दुसऱ्या दिवशी तू वाशीमला जाऊन आलास, पेटीतून भरलेली बाटली काढलीस. पुड्या नव्हत्या, चांगलं पातळ औषध होतं, डॉक्टरने मागे लिहून दिलेलं, पैशापायी राहून गेलेलं. मायने बाटलीकडे पाहिलं. घरात विकायला काही उरलेलं नाही हे तिला तुझ्याआधी ठाऊक होतं.

"हे कुठून आनलं?"

तुला खोटं बोलता येत नव्हतं. तू जमिनीकडे पाहून सांगितलंस.

माय ओरडली नाही. ओरडायची ताकद तिच्यात नव्हती. ती उठून भिंतीला टेकून बसली. "काहून घेतले? तुमाले ठाव होतं ना?"

"तुह्यासाठी घेतले."

"मंग त्या लेकराले गुण आला का?"

"येईन ना."

"येईन म्हनजे? पैसा घेतला तं गुण जातो, हे तुमीच सांगता. त्याचा गुण इकून माह्यासाठी ही बाटली आनली तुमी. त्याची माय तिकडं लेकराचे डोये पाहून राह्यली असन. तिच्या वाट्याचं मी कसं पिऊ?" मग ती दम खायला थांबली. "त्याले बरं वाटलं अशी खबर आना. तवर मी हे तोंडाले लावनार नाई."

मी तिच्या पायाशी बसून रडलो. "माय, घे ना, घे ना वं," एवढंच म्हणत राहिलो. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. पण बाटली उघडली नाही. आणि तू कोपऱ्यात उभा होतास, हात लोंबत होते, इतक्या कामाचे हात आणि त्यांना तिथं काही काम नव्हतं. मी आजवर पुष्कळ माणसं हतबल झालेली पाहिली, वसुली पाहिली, प्लेग पाहिला, पण हतबल शब्द लिहिला की मला तूच दिसतोस.

तू अनसिंगला जायला निघालास, सकाळच्या गाडीने. वाशीमपर्यंत गाडी आणि तिथून पुढे पायी, परतायला परवा तरी उजाडणार, असं आम्ही धरलं. मी तिच्याजवळ बसलेला. ताप चढतो आहे. बाटली कोनाड्यात आहे, बुचाला लाख लावलेली, लालसर औषध, उन्हाचा कवडसा तिच्यावर येतो आणि सरकतो. मी दहादा उठून ती हातात घेतो आणि दहादा ठेवतो. माय डोळे मिटून म्हणते, "ठेव बापू. बा येईन आता." पाटलीण पेज घेऊन येते आणि ठेवून परत जाते. मायला पाणी पाजताना मी विचार करतो, की पाण्यात थोडं मिसळून दिलं तर तिला कळणार नाही, पण औषध कडू असतं आणि ती जीभ आहे मायची, तिला काय कळणार नाही?

तू दुसऱ्याच दिवशी दुपारी परत आलास. दारातूनच बोलायला लागलास. "अवं, पोट्टं अंगनात गोट्या खेळून राह्यलं होतं! डोये पांढरेशुभ्र! त्याच्या मायनं मले ताक देलं प्यायले. मी म्हनलं, आमच्या घरी काळजी लागून राह्यली, तं ते हासली. पोट्टं दोन भाकरी खाऊन राह्यलं म्हने. जांबाच्या झाडावर चढते म्हने." तू बोलतच राहिलास. सबंध वर्षात तू मिळून जेवढं बोलायचास तेवढं एका दमात बोललास. माय तुझ्या तोंडाकडे बघत होती. मग म्हणाली, "तुमी म्हनता तं खरंच असन." आणि तिने हात पुढे केला. तू बुचाची लाख काढलीस, वाटीत ओतलंस, आणि ती प्याली.

तिने ती सगळी बाटली संपवली, एक घोट वाया जाऊ न देता. नंतरची बाटली आणायला आपल्याकडे काही नव्हतं आणि पुन्हा कोणी रुपये ठेवायला आलं नाही. होळी झाली आणि ती गेली. मला कधीकधी वाटतं, ते दोन दिवस वाया गेले नसते तर. कधी वाटतं, दवाखान्यातलं पहिलं फुकटचं औषधच घेतलं असतं तर. आणि कधी वाटतं, कशानेही काही झालं नसतं, तो आजारच तसा होता. मी इतक्या चिठ्ठ्या वाचल्या, कोणत्या औषधाचे किती पडतात ते सांगू शकतो. कोणतं कोणाला लागू पडतं हे मला सांगता येत नाही.

त्यानंतर तू कोणालाही औषध दिलं नाहीस. पिवळ्या डोळ्यांची माणसं येतच राहिली, त्यांना कोण सांगणार? तू वाकस खाली ठेवून हात जोडायचास. "माह्या हातात गुण राह्यला नाई, बाप्पा. दुसरीकडं पाहा." एक बाई लेकरू कडेवर घेऊन संध्याकाळपर्यंत आपल्या लाकडांवर बसून राहिली होती. म्हणाली, "फुकट द्या, नाई तं पैसे घ्या, पन द्या." तू उठून शेताच्या वाटेने निघून गेलास. मला त्या झाडाचं नाव तू सांगितलं नाहीस, मरताना विचारलं तेव्हाही नाही. गुण गेलेल्या हाताने काय द्यायचं, म्हणालास. त्या वेळी मी तुझ्यावर चिडलो होतो, आणि खरं सांगायचं तर अजून चिडतो. ते पोरगं जर खरंच गोट्या खेळत होतं, तर पैसा घेऊनही तुझा गुण गेलेला नव्हता. मग तू औषध का सोडलंस? आणि मायला त्या दिवशी तू जे सांगितलंस, ते काय होतं?

मोठा झाल्यावर शाळेच्या कामाने मी वाशीमहून अनसिंगच्या रस्त्याला एकदा अर्ध्यापर्यंत गेलो. तरणा होतो, चालायला कमी नव्हतो. तुझ्यासारखा पायी जाऊन, माणसाला भेटून, ताक पिऊन, दुसऱ्या दिवशी दुपारी जऊळक्याच्या ठेसनावर उतरणं कसं जमलं असेल, याचा मी चालता चालता हिशेब केला. जमत नाही. एखादा छकडा मिळाला असेल. मिळतात छकडे, बाजाराचा दिवस असला तर. मी अर्ध्यातूनच मागं फिरलो, कारण काम वाटेतल्या एका पाटलाच्या मळ्यातच झालं होतं, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

गेल्या साली माझी बदली अनसिंगला झाली होती. शाळा मोठी, पगारात थोडी वाढ, राहायला घर. मी अर्ज केला, की तिथलं पाणी माझ्या बायकोला मानवत नाही. ती बिचारी अनसिंगला कधी गेलेलीच नाही. बदली रद्द झाली. तो पोरगा असेल तर आज माझ्याच वयाचा असेल, बापाच्या दुकानात गूळ तोलत असेल, आणि मला एवढंच विचारायचं होतं की लहानपणी तुम्हाला कावीळ झाली होती का हो. कोणत्याही शेंबड्या पोराने ते दुकान दाखवलं असतं. मी विचारलं नाही आणि आता विचारणारही नाही. हे पत्र कुठं टाकायचं नाही, तेच बरं आहे बा. तुला पोचलं असतं तर तू मलाही एका दमात सांगून टाकलं असतंस, की पोट्टं खेळत होतं, डोळे पांढरेशुभ्र होते. आणि मी ते खरं मानलं असतं.